पहिलं स्वरमंडळ: तारा कमी, खुंट्या घट्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षं गाणं शिकताय, पट्टी (म्हणजे तुमचा सा हार्मोनियमच्या ज्या कळीवर येतो ती) काळी ४, रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे आणि आता स्वरमंडळ, म्हणजे गाताना मांडीवर घेऊन छेडायचं तारांचं वाद्य, घ्यायचं आहे. दुकानदार म्हणतो ३६ तारांचंच घ्या, पुन्हा खर्च नको. मैत्रिणीचं स्वरमंडळ आठवडाभर घरी आणून पाहिलंत. ती पांढरी ३ मध्ये गाते, म्हणून तुम्ही ते काळी ४ वर चढवायला बसलात. लावता लावता रियाजाची वेळ संपली, तिसऱ्या दिवशी दोन तारा तुटल्या. आता किती तारांचं घ्यावं, ऑनलाइन मागवलं तर चालेल का आणि ते लावायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

तुम्ही खरेदीचं विचारलंय, पण तुमची अडचण लावण्याची आहे. स्वरमंडळ नीट लागलेलं असेल तर गाण्याच्या मागे चांदणं पडल्यासारखं वाटतं. ते थोडं जरी उतरलेलं असेल तर तंबोऱ्याच्या सुरालाही गढूळ करतं, आणि शिकणाऱ्याचा कान हळूहळू त्या गढूळपणाला सरावतो. हे नुकसान मी विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं आहे, आणि ते भरून काढायला महिने लागतात. म्हणून पहिलं स्वरमंडळ निवडताना मी एकच गोष्ट विचारते: हे वाद्य ही व्यक्ती रोज स्वतः पंधरा-वीस मिनिटांत लावू शकेल का? बाकी सगळं, म्हणजे लाकूड, नक्षी, आकार, तारांची संख्या, त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्या गुरूंना रियाजात स्वरमंडळ चालतं का, हे पहिल्यांदा विचारा. शिकण्याच्या काळात तंबोऱ्याव्यतिरिक्त काहीही नको, असं मानणारे गुरू आहेत, आणि त्यामागे विचार आहे. तंबोरा फक्त सा आणि प (किंवा म, नि) देतो, बाकीचे स्वर गळ्याने शोधायचे असतात. स्वरमंडळ सगळे स्वर आयते समोर ठेवतं. माझं स्वतःचं मत असं की तुम्ही ते आधारासाठी न घेता कान तयार करण्यासाठी घेणार असाल तर तीन वर्षांनंतर हरकत नाही. रोज स्वतः लावणं हाच मोठा रियाज आहे. पण शब्द गुरूंचा.

आता वाद्याबद्दल. स्वरमंडळ म्हणजे एक पोकळ, चपटी पेटी, एका बाजूला तिरकी कापलेली. वर तबली, म्हणजे वरची पातळ फळी, आणि दोन्ही कडांना उभ्या पट्टीसारखी घोडी, जिच्यावर तारा टेकतात. एका कडेला खिळ्यांना तारा अडकवलेल्या आणि दुसऱ्या कडेला धातूच्या खुंट्या, ज्या चावीने फिरतात. कुठेही पडदे नाहीत, बोटाने दाबून स्वर बदलायची सोय नाही. एक तार, एक स्वर. ही कल्पना फार जुनी आहे. शार्ङ्गदेवांच्या तेराव्या शतकातल्या संगीतरत्नाकरात मत्तकोकिला नावाच्या वीणेचं वर्णन आहे. तिला २१ तारा, म्हणजे तीन सप्तकांचे सात-सात स्वर. ऐन-ए-अकबरीतल्या दरबारी गवई-वादकांच्या यादीत ग्वाल्हेरचा बीर मंडल खान हा स्वरमंडळ वाजवणारा म्हणून नोंदलेला आहे. आपल्या काळात उस्ताद बडे गुलाम अली खाँ, किशोरीताई आमोणकर, पंडित जसराज यांच्या मांडीवरचं स्वरमंडळ आपण फोटोंत पाहत आलो आहोत. त्या २१ तारांचा हिशेब लक्षात ठेवा, तो लगेच कामाला येणार आहे.

तुमच्यासाठी मी २१ ते २४ तारांचं सांगेन, ३६ तारांचं अजिबात नाही. हिशेब साधा आहे. ०.२५ मिलिमीटर जाडीची पोलादी तार ५० सेंटिमीटर लांबीवर काळी ५ च्या मध्य षड्जाला (मधल्या सप्तकातल्या सा ला) लावली तर तिच्यावर दोन किलोंहून थोडा जास्त ताण येतो. अशा २४ तारा म्हणजे पेटीवर सुमारे पन्नास किलोंची ओढ, ३६ तारा म्हणजे पंचाहत्तरच्या पुढे. ही ओढ पेटी रात्रंदिवस सोसत असते. पेटी उत्तम बनवलेली असेल तर सोसते. पण स्वस्तातल्या ३६ तारांच्या पेटीची तबली वर्षा-दोन वर्षांत मधे खचते किंवा खुंट्यांच्या बाजूला लाकूड ओळीने चिरतं. शिवाय ३६ तारा लावायला दीडपट वेळ लागतो असं वरवर वाटेल, पण लागतो त्याहून अधिक. कारण एक तार चढवली की पेटी किंचित वाकते आणि आधी लावलेल्या सगळ्या तारा किंचित उतरतात. जितक्या तारा जास्त तितके फेरे जास्त.

माझं पहिलं स्वरमंडळ ३६ तारांचं होतं. फार देखणं, कडेला हस्तिदंती रंगाची पट्टी. पहाटे पाचला उठून मी ते लावायला बसायचे आणि पावणेसातला माझा सा लागायचा. महिनाभराने गुरुजींनी दारातून ऐकलं, आत आले, हाताने सगळ्या तारा झाकल्या आणि म्हणाले, "आधी गा. हे नंतर." मी ते कापडात गुंडाळून ठेवलं. नंतर २२ तारांचं घेतलं आणि आजही रियाजाला तेच आहे.

लांबीकडे लक्ष द्या, कारण तुमच्या तारा तिथे तुटल्या. लोकांना वाटतं तार बारीक म्हणून तुटली, जाड घातली की टिकेल. तसं होत नाही. एकाच धातूची, एकाच लांबीची जाड आणि बारीक तार जवळजवळ एकाच सुरावर तुटते. जाड तारेत जोर जास्त असतो, पण तोच स्वर गाठायला तिला ताणही तेवढाच जास्त लागतो. ती तुटायची वाचत नाही, वरून पेटीवर मात्र जास्त भार टाकते. तार कुठवर चढेल हे ठरवते तिची लांबी आणि धातू. पितळेची तार पोलादापेक्षा बरीच खाली तुटते, म्हणून ती मंद्रासाठी, म्हणजे खालच्या सप्तकासाठी, ठेवतात. मैत्रिणीच्या तारा पांढरी ३ साठी बेतलेल्या होत्या. तुम्ही त्या काळी ४ वर नेल्या, म्हणजे चार अर्धस्वर (हार्मोनियमच्या चार कळा) वर. एक अर्धस्वर चढवला की ताण सुमारे बारा टक्के वाढतो, चार चढवले की जवळपास साठ टक्के. जुन्या, थोड्या गंजलेल्या तारा इथे तुटणारच होत्या. यात तुमचा हात वाईट नव्हता.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "माझी पट्टी काळी ४, यावर मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत लावून दाखवा." (तार पंचम म्हणजे वरच्या सप्तकातला प.) चांगला कारागीर लगेच सांगेल की ही पेटी त्या पट्टीची आहे की नाही. काळी ४ ते काळी ५ मध्ये गाणाऱ्या बायकांना लहान पेटी सहसा नीट बसते. काळी १ मध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम मात्र लहान पेटीवर ढिला पडतो, तार थरथरते आणि सूर धरत नाही. त्यांनी लांब पेटी घ्यावी, नाहीतर सरळ मध्य षड्जापासून सुरुवात करावी. तुमच्याकडे कोणी पाहुणे गाणारे आले आणि त्यांच्या पट्टीत लावून मागितलं, तर खाली उतरवून द्या, वर चढवू नका.

आता खुंट्या. माझ्या मते स्वरमंडळाची सगळी गुणवत्ता इथे आहे, आणि खरेदी करणारे नेमकं हेच बघत नाहीत. तबलीची चमक बघतात, एकदा बोट फिरवतात, झंकार आला की खूश. तुम्ही चावी मागून घ्या. प्रत्येक खुंटीला चावी बसवा आणि केसभर वर, केसभर खाली फिरवा. खुंटी जड पण सलग फिरली पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तशी. अडत अडत, "कट्" करत उडी मारणारी खुंटी नको, कारण तिच्यावर नेमका सूर कधीच थांबणार नाही. सहज फिरणारी त्याहून नको, ती रात्रीत उतरेल. चावी काढल्यावर खुंटी किंचित परत फिरते का, ते तारेवर बोट ठेवून ऐका. २४ खुंट्या तपासायला दहा मिनिटं लागतात. दुकानदार कंटाळला तरी तपासा. माझ्या एका विद्यार्थिनीने हे न करता एक सुंदर पेटी घेतली. तिच्या सात खुंट्या ढिल्या निघाल्या आणि विकणाऱ्याने पुढे तोंडही दाखवलं नाही.

खुंट्या ज्या ठोकळ्यात बसतात तो घट्ट, जड लाकडाचा हवा. उजेडात तिरकं धरून खुंट्यांच्या ओळीत बारीक चीर आहे का बघा. चीर दिसली तर पेटी ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. तबली मधे खचलेली आहे का, हे बघायला एक सरळ पट्टी आडवी ठेवा. घोडी पेटीला सगळीकडे चिकटलेली आहे का, नखाने हलवून पहा. आपल्याकडे तंतुवाद्यांना तून आणि साग ही लाकडं वापरतात, दोन्ही चांगली. प्लायवूडची पेटी आवाजाला थोडी कोरडी, पण रियाजाला वाईट नाही. लाकडावरून फार वाद घालू नका.

कुठून घ्यावं? शक्य असेल तर कारागिराकडून. मिरज तर आहेच, तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दीडशेहून अधिक वर्षं तिथली कारागिरांची गल्ली तंतुवाद्यांवर जगते आहे. कारागिराकडे घेण्याचा खरा फायदा हा की तारा तुमच्या पट्टीला बेतून मिळतात आणि कोणत्या ओळीला किती जाडीची तार आहे ते लिहून मिळतं. हा कागद मागाच. तो पेटीच्या मागे चिकटवून ठेवा. तार तुटल्यावर तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारावं लागणार नाही.

ऑनलाइन मागवू नका असं मी म्हणणार नाही, गावापासून दूर राहणाऱ्यांना तोच रस्ता असतो. पण मग तीन गोष्टी मागा: खुंट्यांचा जवळून काढलेला व्हिडिओ, लावून पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजवलेला व्हिडिओ आणि परत घेण्याची लेखी हमी. पेटी आली की त्याच दिवशी पूर्ण चढवू नका. प्रवासात तारा थोड्या उतरवून पाठवलेल्या असतात. एक दिवस घरच्या हवेत राहू द्या, मग दोन-तीन दिवसांत हळूहळू सुरावर आणा. जुनं वापरलेलं मिळत असेल तर खुंट्या आणि ठोकळा उत्तम असला पाहिजे. तारा कशाही असोत, त्या बदलता येतात.

आणखी एक सांगून ठेवते. ऑनलाइन शोधताना "लॅप हार्प" नावाचं एक गोंडस वाद्य समोर येतं, तारांखाली कागद सरकवून त्यावरच्या ठिपक्यांप्रमाणे छेडायचं. लहान मुलांना हौसेपुरतं ते छान आहे. पण त्याच्या तारा एका ठरावीक पाश्चात्त्य सप्तकासाठी बेतलेल्या असतात. ते तुमच्या पट्टीत आणि तुमच्या रागात लावायला गेलात तर काही तारा ढिल्या पडतील आणि काही तुटतील. गाण्यासाठी ते घेऊ नका.

खरेदीचं एवढंच: २१ ते २४ तारा, तुमच्या पट्टीला बेतलेल्या. प्रत्येक खुंटी चावीने तपासलेली. ठोकळ्याला चीर नाही. तारांच्या जाडीचा कागद हातात. जोडीला दोन चाव्या (एक हरवतेच) आणि प्रत्येक जाडीच्या दोन-दोन जादा तारा.

आता लावणं. सुरुवात भूप रागाने करा. सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध, आणि भूपातला प्रत्येक स्वर तंबोऱ्याशी सहज जुळतो. तुमच्या २४ तारांची मांडणी अशी करा: मंद्र प, ध, मध्य सा, रे, ग, प, ध, तार सा, रे, ग, प. हे झाले अकरा स्वर. पहिले दोन महिने प्रत्येक स्वराला एकच तार लावा. उरलेल्या तारा ढिल्या पण जागच्या जागी ठेवा. एका स्वराला दोन तारा लावल्या की झंकार भरून येतो हे खरं, पण त्या दोन तारा तंतोतंत एक झाल्या नाहीत तर त्यांच्यात लहरी उठतात. एक २४० आणि दुसरी २४२ कंपनांवर असेल तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि बसतो. कान तयार झाला की याच लहरी तुमच्या मदतीला येतात. त्या जितक्या मंद होत जातील तितक्या तारा जवळ येतायत, आणि थांबल्या की सूर मिळाला. पण ते दोन महिन्यांनी.

खिळ्यांच्या बाजूला, तारांच्या खाली, सगळ्या सा च्या तारांपाशी एक लाल ठिपका आणि प पाशी एक काळा ठिपका लावा. कागदाचा, चिकटवलेला, रंगाचा नको. यामागचं कारण अनुभवाचं आहे. माझ्याकडे एक मुलगी शिकायला होती, कान उत्तम. एकदा ती तार सप्तकातला गंधार (ग) चढवत होती. उजव्या हाताने छेडते, डाव्या हाताने चावी फिरवते, आणि स्वर हलत नाही. म्हणून आणखी फिरवते, आणखी फिरवते. मी पलीकडून बघत होते आणि मला कळेना. तेवढ्यात शेजारची तार टाणकन तुटली आणि तिच्या मनगटावर बारीक लाल रेघ उमटली. चावी शेजारच्या खुंटीवर होती. स्वरमंडळाच्या तारा तुटतात त्यातल्या बहुतेक अशाच.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच सवय लावते. तार धरायची ती खिळ्यापासून. त्या तारेवरून बोट सरकवत खुंटीपर्यंत जायचं, मग चावी बसवायची. आणि पहिली हालचाल नेहमी खाली. केसभर उतरवा, छेडा, स्वर खाली गेला का ऐका. गेला, म्हणजे हीच ती तार. मग वर न्या. यात दुसराही फायदा आहे: सुरावर नेहमी खालून वर येता. वरून खाली येऊन थांबलात तर घोडीवर अडकलेला ताण नंतर सुटतो आणि तार तासाभरात उतरते. चढली जास्त, तर थोडी खाली उतरवा आणि पुन्हा खालून वर या. चेहरा तारांच्या वर झुकवू नका. चष्मा असेल तर काढू नका.

क्रम असा. तंबोरा सुरू करा, आधी दोन मिनिटं नुसता ऐका, स्वतः सा म्हणा. मग सगळे सा लावा, मध्य आणि तार. ते एकमेकांशी मिळवा. मग सगळे प. मग पंचमाच्या आधाराने रे, कारण तार रे हा प चा पंचम आहे, दोन्ही एकदम छेडले की कळतं. त्यानंतर ध, आणि ग शेवटी. ज्या तारा लावत नाही त्यांच्यावर एक मऊ रुमाल टाका. नाहीतर त्या आपोआप गुणगुणतात आणि कानाला फसवतात. पहिला फेरा ढोबळ ठेवा, एका तारेवर रेंगाळू नका. पहिल्या फेऱ्याचे सूर तसेही हलणार आहेत. दुसऱ्या फेऱ्यात बारीक करा. मग पूर्ण पेटीवर तीन-चार वेळा बोट फिरवा, प्रत्येक तार मधोमध बोटाने हलकेच दाबून सोडा, आणि तिसरा फेरा करा. सुरुवातीला पंचवीस मिनिटं लागतील. तीन महिन्यांत अकरा तारा सात-आठ मिनिटांत लागतात.

ट्यूनर अ‍ॅप वापरावं का? सा आणि प साठी जरूर वापरा, त्यात लाज नाही. ग आणि ध साठी वापरू नका. अ‍ॅप सहसा समान अंतरांच्या सप्तकावर चालतं, हार्मोनियमसारखं. त्या मापात एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, आणि अ‍ॅप ज्याला बरोबर ग म्हणतं तो तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. ध साधारण १६ सेंट चढा. प चा फरक फक्त २ सेंटचा, म्हणून तिथे चालून जातं. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाकडे (सगळ्यांत खालच्या सा कडे) कान लावला तर त्यात गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. तुमची ग ची तार त्यात विरघळली पाहिजे. विरघळली की तुम्हाला सांगावं लागणार नाही. तार छेडल्यावर ती वेगळी ऐकूच येत नाही, नुसता तंबोरा उजळल्यासारखा वाटतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात हा गंधार फार पुसट असतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी गुरूंकडच्या खऱ्या तंबोऱ्याशेजारी बसून लावा.

भूप हाताशी आला की राग बदलायला शिका, पण पूर्ण पेटी पुन्हा न लावता. भूपातले सगळे ग अर्धा स्वर खाली घ्या, कोमल करा. शिवरंजनी तयार. त्याच तारा शुद्ध ग वरून अर्धा स्वर वर न्या, म्हणजे शुद्ध मध्यम झाला, आणि दुर्गा तयार. फक्त दोन-तीन तारा हलतात, बाकी पेटी स्थिर राहते. यमनसारखा सात स्वरांचा राग नंतर घ्या, त्यासाठी ढिल्या ठेवलेल्या तारा आता वापरात येतील. तिथे तीन पूर्ण सप्तकं म्हणजे २१ तारा, मत्तकोकिलेचाच हिशेब. दिवसातून तीनदा राग बदलायचा असेल तर तारांचा जीव जातो. त्यापेक्षा आठवडाभर एकच राग ठेवा, गाण्यालाही तेच चांगलं.

नव्या तारा पहिले सहा-सात दिवस उतरतच राहतात, घाबरू नका. तार बदलताना एका वेळी एकच बदला, सगळ्या एकदम काढल्या तर पेटीचा तोल जातो. खुंटीवर तीन-चार वेढे, एकमेकांना चिकटून, लाकडाच्या दिशेने खाली जाणारे. वेढे एकमेकांवर चढले की सूर सरकतो. एखादी खुंटी कालांतराने ढिली झाली तर हातोडीने ठोकू नका आणि तेल तर कधीच लावू नका. खुंटी काढून छिद्रात बारीक सँडपेपरची अरुंद पट्टी, खरखरीत बाजू लाकडाकडे, सरकवा आणि खुंटी परत बसवा. पुष्कळ वर्षं टिकते.

पावसाळ्यात जास्त काळजी. लाकूड ओल धरतं, तारांवर बोटांचा घाम राहतो आणि आठवड्यात गंज. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार खालून-वरून पुसा, वाद्य ठेवायच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वातानुकूलित खोलीतून उन्हात किंवा उलट नेलं तर लगेच लावायला बसू नका. अर्धा तास वाद्य उघडं ठेवून त्या हवेला सरावू द्या, मग लावा. कार्यक्रमात मंचावरच्या दिव्यांनी तारा तापतात आणि उतरतात, म्हणून मंचावर बसल्यावर पुन्हा एक फेरा लागतोच.

वाजवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एवढं सांगते. तर्जनीच्या टोकाच्या मांसाने छेडा, नखाने नको. वाद्य मांडीवर आडवं किंवा छातीला टेकवून उभं, जसं सोयीचं पडेल तसं. आणि सतत वाजवत राहू नका. आलापाचा टप्पा संपला, सा वर आलात, श्वास घेताय, तेव्हा एकदा खालून वर बोट फिरवा आणि झंकार पूर्ण विरू द्या. तो विरत असताना पुढचा स्वर मनात ऐका, मग तोंड उघडा.

पेटी घेतलीत की पहिल्या आठवड्यात मंद्र प पासून तार प पर्यंत अकराही तारांपैकी कोणती सगळ्यांत जास्त उतरते, ते रोज लिहून ठेवा. सातही दिवस तीच असेल तर ती खुंटी कारागिराला दाखवा. रोज वेगळी असेल तर पेटी ठीक आहे, तारा अजून बसतायत.